झाडी माजलेल्या डोंगरउतारावर पायवाट काढायची तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुळशीच्या बाजूला वडिलोपार्जित चार एकर उताराची जमीन आहे आणि वर्षानुवर्षं तिकडे कुणी फिरकलेलं नाही. घाणेरी, करवंदीच्या जाळ्या आणि वेली इतक्या माजल्यात की खालच्या रस्त्यावरून वरच्या कातळापर्यंत पोचताच येत नाही. जेसीबीवाला दीड दिवसात दहा फुटी रस्ता सरळ वरपर्यंत काढून देतो म्हणतोय. गावातली टोळी ब्रश कटरने, म्हणजे झुडपं कापायच्या यंत्राने, साफ करून द्यायला तयार आहे. कुणीतरी तणनाशक मारा म्हणून सुचवलंय. तुमची इच्छा एवढीच, की वर जाऊन निवांत बसता यावं आणि सत्तरी ओलांडलेल्या आईंनाही तिथवर नेता यावं.

आधी सरळ उत्तर देतो. जेसीबी नको, तणनाशक नको. टोळी हवी, पण वाट कुठून जाणार हे जमिनीवर आखून झाल्यावरच. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यात मी बरीच वर्षं हेच काम करतोय. झाडी तोडणं हा त्यातला सोपा भाग आहे. वाट टिकते की पहिल्या पावसाळ्यात ओहोळ होते, हे तुम्ही ती कुठून नेली यावर ठरतं. उतार किती, माती किती खोल, ओढे किती, झाडं कुठली, हे प्रत्येक जमिनीत वेगळं असतं. त्यामुळे खालचे आकडे पक्के धरू नका, त्यामागचं कारण धरा.

कोयता हातात घेण्याआधी कागद बघा. ताजा सातबारा काढा आणि इतर हक्कांचा रकाना नीट वाचा. तिथे 'वन', 'खाजगी वन' किंवा भारतीय वन कायद्याचं कलम ३५ अशी काही नोंद असेल तर तिथेच थांबा. खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अशा बऱ्याच जमिनी सरकारकडे गेल्या आणि त्यांतल्या काहींच्या नोंदी आजही वादात आहेत. अशा जमिनीत पायवाटसुद्धा वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय काढू नये. नोंद स्वच्छ असली तरी १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली हिरडा, साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर अशी झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. यावर माझा उपाय साधा आहे: मनगटापेक्षा जाड खोड असलं की ते न तोडता वाट त्याच्या बाजूने वळवायची. चार एकरात पायवाटेसाठी मोठं झाड पाडावंच लागलं, अशी वेळ क्वचित येते. जेसीबीने डोंगर कापला आणि मुरूम बाहेर काढला तर गौण खनिजाचा प्रश्न वेगळाच उभा राहतो आणि तो तहसील कार्यालयात जातो.

मोजणी झाली नसेल तर आधी हद्द कायम करून घ्या. गावातल्या जुन्या माणसांना दोन गोष्टी आवर्जून विचारा. तुमच्या जमिनीतून कुणाची जुनी वहिवाट जाते का, आणि वरचा एखादा झाडोरा देवराईचा आहे का. वहिवाट अडवली तर समोरचा माणूस १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाऊ शकतो. पण मी कायद्यासाठी विचारायला सांगत नाही. ज्या वाटेने गुरं आणि गुराखी पन्नास वर्षं गेले, ती वाट बहुतेक वेळा उतारावर चांगल्या जागेवरूनच गेलेली असते. निम्मी आखणी तुम्हाला फुकट मिळते. आणि देवराईला हात लावायचा नाही. तिथून वाट न्यावीशी वाटली तरी नाही.

आता मुद्द्याचं. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात किती पाणी पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते पाणी डोंगरावरून सर्वांत जवळच्या मार्गाने, सरळ खाली उतरतं. जेसीबीवाला जो सरळ रस्ता काढून देणार आहे, तोच नेमका पाण्याचा मार्ग. वरची माती आधीच मोकळी झालेली, दोन्ही बाजूंना कड, मधे खोलगट भाग. जुलैत त्या रस्त्याचा ओढा होतो, ऑगस्टपर्यंत माती संपून दगडगोटे उघडे पडतात. मग आई तर सोडाच, तुम्हीही नीट चढू शकणार नाही. शिवाय आपल्याकडे बेसॉल्टवरचा मातीचा थर बऱ्याच ठिकाणी जेमतेम असतो. यंत्राने उताराचा पायथा कापला की वरच्या भागाचा आधार जातो. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यात माळीणवर दरड कोसळली, ती अतिवृष्टीत. त्यानंतर उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाबद्दल जे बोललं गेलं, ते आपल्या जिल्ह्यात डोंगरावर जमीन असलेल्या प्रत्येकाने मनावर घ्यायला हवं. तुमच्या खाली घरं असतील तर जास्तच.

म्हणून वाट आडवी न्यायची. म्हणजे डोंगराच्या कुशीतून, हळूहळू चढत. यात दोन हिशेब महत्त्वाचे. पहिला असा, की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा. डोंगर दर शंभर फुटांना तीस फूट चढत असेल तर वाट शंभर फुटांना पंधराच्या आतच चढली पाहिजे. निम्म्याच्या वर गेली की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेवरूनच धावायला लागतं. दुसरा हिशेब माणसाचा. सवयीचा ट्रेकर शंभराला पंधरा सहज चढतो. आईंसाठी मी शंभराला आठ धरीन, आणि गुडघे दुखत असतील तर त्याहून कमी. समजा वरचा कातळ रस्त्यापासून एकशेवीस फूट उंच आहे. तीस टक्के उतारावर सरळ गेलात तर आडवं अंतर चारशे फूट भरतं. आठ टक्क्यांनी गेलात तर दीड हजार फूट. जेसीबीवाल्याला हे अंतर फुकट वाढवल्यासारखं वाटेल. मला विचाराल तर एवढ्या वाढीव चालण्यातच त्या जमिनीची खरी ओळख होते, आणि आईंना वाटेत तीन-चार जागी दगडावर टेकता येतं.

हा चढ मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पाणलोटाच्या कामात समतल रेषा आखायला वापरतात तो ए-फ्रेम घरी करता येतो: दोन सारख्या लांबीचे बांबू वर बांधायचे, मधे आडवी काठी आणि वरून ओळंबा. गवंड्याची पाण्याची नळी असेल तर तीही चालते. मोबाइलवरची उतार मोजणारी अ‍ॅपं अंदाजापुरती ठीक आहेत. आखताना दर पंधरा-वीस फुटांवर फांदीला रंगीत चिंधी बांधत जा. खिळे ठोकू नका, रंग फासू नका. चिंध्या बांधून झाल्या की त्याच रेषेवरून उलट, म्हणजे वरून खाली चाला. वरून उतरताना ज्या जागी पाय आपोआप दुसरीकडे वळतो, तिथे आखणी चुकलेली असते. लोक पुढे तिथेच आडवाट पाडतात.

आखणीसाठी फेब्रुवारी-मार्चसारखा काळ नाही. पानगळीची झाडं उघडी पडलेली असतात, गवत वाळून बसलेलं असतं, जमिनीचा आकार दिसतो. मग जुलैमध्ये, भर पावसात, एकदा तरी त्याच रेषेजवळ जितकं जाता येईल तितकं जा. कुठे पाझर फुटतात, कुठला ओहोळ अचानक जागा होतो, कुठे पाय घोट्यापर्यंत रुततो, हे बघून चिंध्या हलवा. खोदकाम ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा माती अजून ओलसर असते, कुदळ सहज आत जाते, आणि पुढचे सहा महिने पायाखाली दबून वाट पावसाळ्याआधी घट्ट होते. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन कातळासारखी लागते. शिवाय मोकळी माती तशीच पहिल्या पावसाच्या तोंडी जाते. घाई असेल तर पावसाळ्यातली पाहणी सोडून काम लवकर उरकता येतं. पण मी तो पावसाळा थांबेन.

साफसफाईत सगळ्यात जास्त विचार उजेडाचा करा. घाणेरीला ऊन हवं असतं. रानमोडीलाही. तुम्ही दहा फूट रुंद पट्टा उघडा केलात आणि वरचं छतही छाटलंत, तर पुढच्या पावसाळ्यात तो पट्टा घाणेरीनेच सर्वांत आधी भरेल. म्हणून पावलांना तीन फूट आणि बाजूच्या झुडपांची मोकळीक धरून साडेचार-पाच फूट, एवढंच. उंची साताठ फूट ठेवा, कारण पावसात भिजलेल्या फांद्या हातभर खाली येतात. त्याच्या वरच्या फांद्यांना हात लावू नका. वरची सावली हीच तुमची बिनपगारी माळीण. त्या फांद्या एकमेकींत अडकलेल्या राहण्याचं अजून एक कारण आहे. सह्याद्रीच्या या भागात शेकरू असतो. तो या झाडावरून त्या झाडावर फांद्यांवरूनच जातो, जमिनीवर उतरणं त्याला धोक्याचं. वाटेसाठी छत तुटलं तर त्याची वाट बंद होते.

आता घाणेरीबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. ब्रश कटरने वरून कापली की ती बुंध्यातून पाच-सहा फुटवे घेऊन अधिक दाट येते. तिला बुंध्याखालून काढावं लागतं. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांच्या गटाने उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत मला आपल्याकडेही लागू पडताना दिसली आहे. जमिनीखाली दीड-दोन इंचांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं, झुडूप उपटून उलटं करायचं आणि मुळं आकाशाकडे करून तसंच वाळू द्यायचं. उलटं ठेवल्यामुळे ते पुन्हा रुजत नाही. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये बियांतून आलेली रोपं हाताने उपटा. ओल्या मातीतून ती अलगद निघतात. हे दोन-तीन पावसाळे करावं लागतं. तणनाशकाने हे टळेल असं वाटतं, पण उतारावर मारलेलं औषध पावसाबरोबर खालच्या ओढ्यात आणि विहिरीत जातं. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने २०२२च्या आदेशाने परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केलेला आहे.

मात्र सगळ्याच झाडोऱ्याला घाणेरीच्या माळेत बसवू नका. कारवी उतारावरची माती धरून ठेवते. सात वर्षांनी एकदा ती सगळी एकदम फुलते आणि मरते, मग बियांतून नवी येते. ती सुकलेली दिसली म्हणून मुळासकट काढून टाकू नका, वाटेपुरतीच काढा. करवंद, तोरण, धायटी यांच्या जाळ्या वाटेच्या कडेला असू द्यात. वळणांच्या मधे तर मी त्या मुद्दाम राखतो, म्हणजे लोक आडवाट काढत नाहीत. उक्षी आणि शिकेकाईच्या वेली ओढून काढू नका. त्या वर दोन-तीन झाडांना धरून असतात आणि वाळकी फांदी डोक्यात येते. खालून कापा आणि वरचा भाग आपोआप वाळून पडू द्या.

टोळीला तीन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगा. कोयत्याने तिरपं छाटलेलं खुंट भाल्यासारखं उभं राहतं आणि गमबूटसुद्धा फोडतं. प्रत्येक खुंट जमिनीलगत, आडवं कापायचं. जाड फांदी काढायची तर आधी खालून तिसरा भाग कापायचा, मग वरून. नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. ब्रश कटर चालू असताना पन्नास फुटांत दुसरं कुणी नको. उताराच्या खालच्या बाजूला तर मुळीच नको, कारण उडालेला दगड खाली फार लांब जातो.

कापलेला माल पेटवू नका. हे सांगताना मी अगदी आग्रही आहे. डिसेंबरमध्ये 'थोडंसंच' पेटवलेलं शेजारच्या गवतात शिरलं की वणवा होतो, आणि तो विझवायला जी माणसं धावतात ती गावचीच असतात. मोठे ढीगही नकोत. तेच मार्चमध्ये इंधन होतात. फांद्या हातभर तुकडे करून उतारावर आडव्या, जमिनीला टेकतील अशा पसरा. त्या माती अडवतात आणि दोन पावसाळ्यांत कुजून जातात.

खोदाई कशी करायची? वाट पूर्णपणे मूळ जमिनीत कोरायची, निम्मी कोरून निम्मी भराव टाकून नाही. भरावाची बाहेरची कड पहिल्या मोठ्या पावसात सरकते आणि तिच्यावर पाय देणारा माणूसही. निघालेली माती खालच्या बाजूला पातळ पसरा. वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवा. तीन फुटांत दीड-दोन इंच पुरे, चालताना जाणवतही नाही. आतल्या बाजूला गटार काढायचा मोह आवरा. ते पानांनी तुंबतं आणि पाणी वाटेवर येतं. दर पन्नास-साठ फुटांवर वाट दोन-चार पावलं खाली उतरून पुन्हा चढली पाहिजे. या छोट्या खोलगटीत पाणी जमून खाली निघून जातं, पुढे धावत नाही. आखतानाच ही खोलगट ठेवली तर नंतर दगडांचे बांध घालावे लागत नाहीत.

ओढा ओलांडताना वाट दोन्ही बाजूंनी ओढ्याकडे उतरली पाहिजे. एका बाजूने जरी ती ओढ्यापासून खाली जात राहिली, तर पूर आलेला ओढा तुमची वाट धरतो. पाइप टाकू नका, पालापाचोळ्याने तुंबतो. मोठे चपटे दगड पहारीने नीट बसवा, पावलाच्या अंतरावर. जिथे चढ कमी करणं शक्यच नाही, तिथे पायऱ्या करा. आईंसाठी पायरीची उंची सहा इंचांच्या आत ठेवा, आणि प्रत्येक दगड किमान तिसरा हिस्सा जमिनीत गाडलेला हवा.

थोडक्यात क्रम असा झाला: कागद आणि गावकरी, मग उन्हाळ्यात आखणी, पावसाळ्यात पाहणी, पावसाळ्यानंतर घाणेरी मुळासकट आणि खोदाई.

जिवाला जपण्याबद्दल. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं आणि घोणस, फुरसं दिसत नाहीत. पुढच्या माणसाच्या हातात लांब काठी, सगळ्यांच्या पायात गमबूट. सर्पदंशाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे ते कामाआधी विचारून ठेवा. १०८ला फोन लागेल अशी जागा जमिनीत कुठे आहे तेही बघून ठेवा, दऱ्यांमध्ये रेंज नसते. आग्या मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचं घर दिसलं तर त्या भागात ब्रश कटर बंद ठेवा, त्याच्या आवाजाने त्या उठतात. वाट तिथून वळवा. खाजकुइलीच्या शेंगा वाळल्या की त्यांची कुसं वाऱ्याने उडतात. डिसेंबर-जानेवारीत तिच्याजवळ काम असेल तर पूर्ण बाह्या आणि गॉगल. बिब्ब्याचा चीक अंगावर पडला तर फोड येतात, टोळीतली जुनी माणसं ते झाड बरोबर ओळखतात. आणि झुडपांत काम केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात काम केल्याचं स्वतःहून सांगा. स्क्रब टायफस झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चावण्याने होतो, आणि ही माहिती मिळाली नाही तर निदान लांबतं.

टोळीशी बोलताना फुटावर दर ठरवू नका, रोजावर ठरवा. फुटावर काम दिलं की वाट सोप्या जागेवरून, म्हणजे सरळ खाली जायला लागते आणि मुळं जमिनीत तशीच राहतात. पहिले दोन दिवस तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. शंभर फूट नमुन्याची वाट तुमच्या डोळ्यांसमोर पूर्ण होऊ द्या. पुढचं त्यांना समजतं, आणि दगड बसवण्यात ती माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा फार तरबेज असतात. त्यांचं ऐका.

पहिल्या पावसाळ्यात छत्री घेऊन दोनदा जाऊन या. जिथे वाटेवरून पाणी धावताना दिसेल तिथे लगेच, पावसातच, फावड्याने बाहेरच्या कडेला वाट मोकळी करून द्या. कोरड्या दिवशी ती जागा सापडत नाही. बाहेरच्या बाजूला हळूहळू मातीची कड साचते, ती दर ऑक्टोबरमध्ये खरवडून काढा, तेव्हाच बाजूची झुडपं छाटा. पहिल्या वर्षी याला टोळीचे तीन-चार रोज लागतील असं धरा. तिसऱ्या वर्षी सावली टिकलेली असली तर दोन माणसांचं एका दिवसाचं काम राहतं. जमिनीचा सातबारा आणि उताराचे दोन-तीन फोटो, एक खालून आणि एक समोरच्या डोंगरावरून, असे टाकलेत तर आखणीबद्दल अजून नेमकं सांगता येईल.